एका घड्याळाची घरगुती दुरुस्ती

"एका तासाचं काम!" धाकटीने रविवारी सकाळी जाहीर केलं. "कंपनीत न्यायची गरजच काय? मी घरीच दुरुस्त करते."

आता, धाकटीने आजवर घरी काय दुरुस्त केलं होतं? एक छत्री. ती नंतर फक्त उन्हात वापरावी लागली. पण वाचन दांडगं! आठवडाभर तिने घड्याळांवरचं मिळेल ते वाचून काढलं होतं. त्यातून ती छापखान्यात मुद्रितं तपासणारी. चूक सापडली की काम झालं, असा तिचा जन्माचा समज.

घड्याळ बाबांचं. हात हलला की आपोआप किल्ली भरणारं, बॅटरीबिटरी काही नाही. बाबांच्या मनगटावर ते सव्वीस वर्षं बिनतक्रार चाललं. बाबा गेल्यावर चार महिन्यांनी ते धाकटीकडे आलं आणि रोज दुपारी चारच्या सुमारास बंद पडायला लागलं. दादा म्हणत होता, कंपनीत देऊ. ते काच बदलतील, घासूनपुसून नवं करून देतील. धाकटीला नेमकं तेच नको होतं. काचेवर तीनच्या आकड्याजवळ एक ओरखडा होता. तो बाबांच्या हातून पडलेला होता. तो जाऊ नये, एवढंच.

"पाच वाजता येतो," दादा फोनवर म्हणाला. "तोवर चालू झालं तर तुझं. नाहीतर मी नेणार. आणि धाकटे, हातोडी वापरू नकोस हं!"

चिकटपट्टीचा गोळा करून मागच्या झाकणावर दाबून फिरवला की झाकण उघडतं, असं तिने वाचलं होतं. उघडलंही! आत अर्ध्या चंद्रासारखं एक वजन होतं. हाताबरोबर ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. दोष इथेच, धाकटीने निकाल दिला. वजनाचा स्क्रू काढला, वजन पुसलं, स्क्रू परत बसवायला चिमट्यात धरला... टिक्! तिळाएवढा तो स्क्रू शाळा सुटल्यासारखा पळाला.

"आई, हलू नकोस!"

आई एक पाय वर धरून बगळ्यासारखी उभी राहिली. "किती वेळ?"

"सापडेपर्यंत!"

"मग खुर्ची तरी दे गं बाई!"

ह्या घरात हरवलेल्या लोखंडी वस्तूंसाठी खास सोय होती. जुन्या स्पीकरमधलं वाटीएवढं चुंबक, सुतळीला बांधलेलं. बाबा ते पलंगाखालून कुत्र्यासारखं फिरवून आणायचे. धाकटीनेही आणलं. तीन सेफ्टी पिना निघाल्या, एक खिळा निघाला, दोन वर्षांपूर्वी जिच्यासाठी मावशीवर संशय घेतला होता ती कात्री निघाली, आणि शेवटी स्क्रू.

"मावशीला काही बोलू नकोस," आई म्हणाली.

स्क्रू पुन्हा पळू नये म्हणून धाकटीने उघडं घड्याळ सरळ त्या चुंबकावरच ठेवून काम केलं. केवढी अक्कल! दोन वाजता झाकण लागलं. घड्याळ चालू झालं! नुसतं चालू नाही, सुसाट! तिने वेळ लावून ते आईच्या हातावर चढवलं आणि विजयी वीरासारखी ताणून दिली.

ती उठली ती आईच्या आवाजाने. आई फोनवर दादाला झाडत होती.

"पाच वाजून गेले! बहिणीला शब्द देतोस आणि लोळत पडतोस?"

दादा धावत आला. शर्ट उलटा, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बायकोची.

"आई, आत्ताशी चार वाजताहेत!"

"तुझा फोन बिघडलाय. ह्यांचं घड्याळ कधी चुकलेलं नाही!"

दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथेही साडेपाच! तो क्षणभर गांगरला.

"हे कसं काय?"

"तेच मागे पडत होतं मेलं. दोनदा स्टुलावर चढून ह्यांच्या घड्याळाबरोबर लावलं मी!"

दादा धाकटीकडे वळला. "ही तुझी दुरुस्ती?"

"चालू झालंय की नाही?"

"चालू? हे उद्यापर्यंत दिवाळीला पोचेल!"

तिघंही कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेली. काकांनी घड्याळ कानाला लावलं. "चुंबकाजवळ ठेवलं होतं?"

"जवळ नाही," धाकटी प्रामाणिकपणे म्हणाली. "वर."

काकांनी चुंबकाचा असर उतरवणाऱ्या एका डबीवर घड्याळ धरून बटण दाबलं. झालं! चुंबकाने चिकटलेली आतली स्प्रिंग सुटली, काटे माणसासारखे चालू लागले. मग त्यांनी झाकण उघडून भिंग लावलं. "बाकी तब्येत ठणठणीत आहे. बंद का पडावं? घालतं कोण?"

"मी."

"काम काय करता?"

"मुद्रितं तपासते."

"म्हणजे हात...?"

"टेबलावर."

"आणि बोलताना?"

"मांडीवर."

काकांनी भिंग काढलं. "आधी कोण घालायचं?"

"मुलांचे वडील," आई म्हणाली. "पोस्ट कुठे आहे एवढं सांगायलासुद्धा त्यांना दोन्ही हात लागायचे! पाहुणे खुर्ची मागे घेऊन बसायचे."

"मग बरोबर. ह्याला त्या हाताची सवय आहे. तुमच्याकडे उपाशी राहतं बिचारं."

"ऐकलंस?" दादाने हात पुढे केला. "माझ्याकडे दे."

आणि काय झालं कुणास ठाऊक! जन्मात आवाज न चढवलेली धाकटी उभी राहिली. "पाचला चालू असलं तर माझं, असं ठरलंय! पाचला पाच कमी आहेत! चालू आहे! काच बदलायची नाही! घासायचं नाही! हात लावायचा नाही!" प्रत्येक वाक्याला एक हात, 'नाही'ला दोन्ही. दादाने डोकं खाली घेतलं. काकांनी भिंतीवरची घड्याळं सावरली. आईने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, ते कळलं नाही.

"असू दे तुलाच," दादा हळूच म्हणाला.

सोमवारी साहेबांनी धाकटीला आत बोलावलं. "घरी सगळं ठीक आहे ना? सकाळपासून कागदांशी भांडताय, असं लोक म्हणतात."

"उत्तम आहे!" तिने दोन्ही हात फेकून सांगितलं.

साडेचार वाजले होते. घड्याळ चालू होतं. ती बाहेर आली तेव्हा शेजारच्या दोघींनी आपापली टेबलं हातभर लांब सरकवलेली होती.