माझ्यापेक्षा माझ्यासारखी

माझी ओळख चोरणं अशक्य आहे, असं मी तीस लोकांसमोर शांतपणे सांगितलं. इंटरनेटवर माझं एकही खातं नाही. जे ठेवलेलंच नाही, ते कोण चोरणार?

"बाई, आधी शोधा तर," प्रशिक्षक म्हणाले. "हा चोर दार वाजवून येत नाही."

इंटरनेटवरचे गुन्हे आणि ओळखचोरी यांचा तपास शिकवणारं ते तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या सगळ्या अहवालांवरची डिजिटल सही यापुढे माझ्या ताब्यात द्यायची, असं साहेबांनी ठरवलं होतं. अट एकच. तिसऱ्या दिवशी 'माझी ओळख सुरक्षित आहे' असं पुराव्यानिशी लिहून द्यायचं.

मी स्वतःचं नाव टाकलं आणि मी सापडले.

नाव माझं, नोकरी माझी, जन्मतारीख माझी. मित्रयादीत दोनशे चौदा माणसं, बहुतेक सासरची. फोटोत मी पाठमोरी, आमच्याच ओट्यापाशी उभी. खाली त्याच सकाळचा मजकूर होता: 'आज प्रशिक्षणाला निघाले. जरा धाकधूक आहे.'

धाकधूक खरंच होती. पण ती मी कोणालाही सांगितली नव्हती. हॉलमध्ये मी शेवटच्या रांगेत बसले होते, तरी वळून मागची भिंत पाहून घेतली.

घरी आल्यावर ओट्यामागच्या फरश्यांवरून हिशेब केला. फोटो काढला तेव्हा कॅमेरा जमिनीपासून ब्याण्णव सेंटिमीटरवर होता. टेप धरून ती जागा गाठली. तिथे सासूबाईंची वेताची खुर्ची होती. मी खुर्ची उलटी केली, पाय ठोकून पाहिले, वरचा स्विचबोर्डही उघडला.

"खुर्चीनं काय केलंय तुझं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, घरात कोणीतरी आपल्याला बघतंय. इथूनच."

"इथून तर मी बघते."

"तुम्ही नाही हो. परकं कोणीतरी." त्या घाबरतील म्हणून मी जास्त बोलले नाही. फक्त बजावलं, "पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. घरच्यांनाही नाही."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

मग मी संशयितांची यादी केली. नवरा, प्लंबर, शेगडी दुरुस्त करणारा. सासूबाई फोन दोन्ही हातांत धरून एका बोटानं दाबतात. त्यांचं नाव घालणं मला शास्त्रीय वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी उपाय सांगितला. स्वतःचं खातं उघडा, नातेवाइकांना कळवा, खोटीची तक्रार करायला लावा. मी दोनशे चौदा जणांना लिहिलं, 'मी खरी. ती खोटी.'

नणंदेचं उत्तर लगेच आलं. 'तू कोण गं? आमची वहिनी अशी तुटक बोलत नाही.'

मामेसासूबाईंनी परीक्षाच घेतली. 'खरी असशील तर सांग, माझा कोणता गुडघा बदलला?'

मी 'उजवा' लिहिलं. डावा होता.

तेवढ्यात तिचा मजकूर उमटला. 'माझ्या नावानं कोणीतरी वावरतंय. जपून राहा.' तासाभरात एकतीस तक्रारी झाल्या आणि खातं बंद पडलं. माझं.

शेजारी बसलेल्या ग्रंथपालबाई माझ्या पडद्यात डोकावत म्हणाल्या, "राग मानू नका, पण ती तुमच्यापेक्षा जास्त तुमच्यासारखी वाटते."

काळ्या पडद्यात माझा चेहरा दिसत होता. तो माझाच आहे याची खात्री करायला मी चष्मा काढून पुन्हा घातला.

मग तिचं सगळं लिखाण पहिल्यापासून वाचून काढलं. वाढदिवस, बारशी, आजारपणं, एकही चुकलं नव्हतं. आणि दर तिसऱ्या मजकुराच्या शेवटी एक वाक्य होतं: 'आमच्या आईंचा स्वभाव फार गोड.'

घरी पोचले. सासूबाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. फोन छातीशी, दोन्ही हातांत. टेप लावायची गरज नव्हती.

"आई, ती तुम्ही?"

"मग काय करू? पाच वर्षं सगळे विचारतायत, सून बोलत का नाही, शिष्ट आहे का. किती जणांची समजूत घालू? म्हटलं, तुझ्या वतीनं मीच बोलते."

"आणि धाकधूक?"

"निघताना चार वेळा चष्मा पुसलास."

"पण माझं खातं का बंद पाडलंत?"

"ती तू होतीस? तूच म्हणालीस ना, कोणीतरी बघतंय. आज ती चोरटी दिसली, म्हटलं आधी हाकलावी."

हा गुन्हा आहे, हे मी कलमासकट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी जरा नरमाईनं म्हटलं, "उद्या पुरावा द्यायचाय. पासवर्ड सांगा."

"कोणालाही सांगायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरच्यांनाही नाही."

शेवटी त्यांनी तडजोड केली. आधी मामेसासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करायची, मग त्या स्वतः खातं उघडून दाखवणार. मी फोन केला. चौकशी केली.

"तुझा आवाज वेगळाच येतोय," मामेसासूबाई म्हणाल्या. "सासूला दे बघू."

तिसऱ्या दिवशी अहवालात मी जे खरं होतं तेच लिहिलं: 'माझी ओळख पूर्ण सुरक्षित आहे. पासवर्ड मलाही माहीत नाही.'

प्रशिक्षकांनी खाली लिहिलं, 'उत्तम. असंच हवं.'