घेऊ नका हो, हा फ्लॅट!

“हा फ्लॅट तुम्ही नका घेऊ,” असं सुलेखा माने परीक्षकबाईंना म्हणाली आणि नापास झाली.

परीक्षा होती माक्लरची, म्हणजे घरांच्या दलालीची. लेखी पेपर तिने सहज काढला होता. भाडेकरार, तारण, जमिनीची नोंद, सगळं तोंडपाठ! घोडं अडलं तोंडी परीक्षेत. तिथे परीक्षक गिऱ्हाईक होऊन बसतात आणि आपण त्यांना एक फ्लॅट विकून दाखवायचा. तोही नुसता कागदावरचा. पण त्या कागदावर लिहिलं होतं, खाली बेकरी आहे. पहाटेपासून मशीन घरघरणार, बाईंना झोप कशी लागणार, या विचाराने सुलेखाला राहवलंच नाही.

“आई, ती बाई तिथे राहायला जाणार नव्हती!” ईश्वरी डोकं धरून म्हणाली.

“अगं, पण समजा गेली असती तर?”

सुलेखाचा स्वभावच तसा. कोणी साडीला छान म्हटलं की ही लगेच म्हणणार, “सेलमधली आहे हो, रंग जातो.” भाजीची तारीफ केली तर “आज जरा मीठ चुकलंय.” स्वतःच्या वस्तूचं कौतुक स्वतः करायचं नाही, हे तिला सांगलीत लहानपणीच असं काही पढवलं होतं की जर्मनीत एर्लांगेनला येऊन दहा वर्षं झाली तरी ते जात नव्हतं.

दुसरी आणि शेवटची संधी सोमवारी होती. पास झाली तर फोर्शहाइमच्या एका माक्लर ऑफिसात तिची नोकरी पक्की होती. नाही झाली तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सुलेखाला इथे आल्यापासून ‘आणि तुम्ही काय करता?’ या प्रश्नाचा इतका कंटाळा आला होता की ही नोकरी तिला जवळपास स्वप्नात दिसायची. त्यामुळे तो सगळा आठवडा ती घरात नुसती फिरत होती. ओटा पुसायची, पुसलेला ओटा परत पुसायची, खिडकी उघडायची, बंद करायची आणि मधेच भिंतीला सांगायची, “गुटन टाग, हा फ्लॅट अतिशय... अतिशय... बरा आहे.”

“बरा?” ईश्वरी किंचाळली. “आई, बरा नाही! वुंडरबार! एकदम अप्रतिम! हात असे पसर. हस. आल्झो, चल, मीच शिकवते तुला.”

ईश्वरी पंधरा वर्षांची होती. नुकतीच शाळेच्या वादविवाद स्पर्धेत जिंकली होती आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याही माणसाला काहीही पटवता येतं असं तिचं ठाम मत झालं होतं. तिनेच योजना काढली: शनिवारी दुपारी आपण राहतो तोच फ्लॅट भाड्याने द्यायला काढायचा. खोटा खोटा! आईच्या दोनतीन मैत्रिणींनी गिऱ्हाईक म्हणून यायचं, आईने घर दाखवायचं आणि तोंड भरून कौतुक करायचं. सरावाला म्हणून तिने झकास जाहिरातही बनवली. बाल्कनीचा फोटो असा काढला की शेजारच्या बागेतलं सफरचंदाचं झाड आपलंच वाटावं. सुलेखाने ती जाहिरात कुंदाताईंना पाठवली आणि फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं.

कुंदाताई म्हणजे मराठी मंडळाचा कणा. त्यांना दोनतीन माणसांचा कार्यक्रम ही कल्पनाच सहन होत नसे. सुपरमार्केटच्या रांगेत उभ्या असताना, एका हातात कोबी धरून, त्यांनी ती जाहिरात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, “शनिवारी तीन वाजता सुलेखाकडे फ्लॅट बघायला जमेल तितक्यांनी जावे. मित्रमंडळींनाही न्यावे. गर्दी दिसली पाहिजे!” सराव, परीक्षा वगैरे लिहायच्या आत त्यांचा नंबर आला.

सप्टेंबर महिना होता. नवीन सत्र सुरू होणार होतं आणि एर्लांगेनमध्ये भाड्याचं घर मिळणं म्हणजे लॉटरी. मेसेज मंडळाच्या ग्रुपवरून पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर गेला, तिथून लॅबमध्ये, लॅबमधून देव जाणे कुठे.

शनिवारी पहिला आला श्रीधर. पीएचडी करणारा, हडकुळा, हातात जाडजूड फाइल.

“नमस्कार ताई. फ्लॅट बघायला आलोय.”

“या या!” सुलेखा खूश झाली. ईश्वरी तिच्या कानात म्हणाली, “कुंदामावशीने पाठवलाय. हस!”

श्रीधरने खोल्या पाहिल्या, बाल्कनी पाहिली आणि एकदम त्याचा आवाज कापरा झाला. “ताई, मी उन्हाळ्यापासून मित्राच्या सोफ्यावर झोपतोय. त्याची गर्लफ्रेंड आता माझ्याशी बोलत नाही. हे घर मला मिळालं ना, तर मी... मी रोज जिना पुसेन!”

“काय ॲक्टिंग करतोय!” ईश्वरी भारावून पुटपुटली. “आई, आता तू. कौतुक!”

सुलेखाने हात पसरले, हसली, तोंड उघडलं. आणि नेहमीचंच झालं.

“घर तसं ठीक आहे हो. पण हिवाळ्यात हीटर ठक ठक करतो. बाथरूमच्या कोपऱ्यात ओल येते. आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा ट्रम्पेट शिकतोय, तीन वर्षं झाली, अजून एकच गाणं.”

श्रीधरचे डोळे पाणावले. “ताई, इतकं खरं सांगणारं माणूस मला या गावात पहिल्यांदा भेटलं. मी घेतो!”

तोवर बेल वाजली होती. मग परत वाजली. मग ती वाजायची थांबलीच नाही. दोन मराठी जोडपी आली, लॅबमधले चार इंजिनियर आले, एक तमिळ कुटुंब बाळासकट आलं. सगळ्यांनी रीतसर चपला-बूट दाराबाहेर काढले. दाराबाहेर जागा संपल्यावर पायरीवर, मग त्याखालच्या पायरीवर. मागून एक जर्मन जोडपं आलं आणि सगळे काढतायत म्हणून त्यांनीही काढले.

“फ्राऊ माने? ही आमच्या पगाराची कागदपत्रं,” तो जर्मन तरुण म्हणाला. “हे बँकेचं. आणि हे आमच्या मांजराचं शिफारसपत्र, आधीच्या घरमालकांनी दिलेलं.”

सुलेखाने ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरीने सुलेखाकडे.

“आई,” ईश्वरी हळूच म्हणाली, “मला वाटतं, ही ॲक्टिंग नाहीये.”

ती टुणकन खुर्चीवर चढली आणि मराठीत, इंग्लिशमध्ये आणि जर्मनमध्ये ओरडली, “ऐका! हा फ्लॅट रिकामा नाहीये! आईच्या परीक्षेचा सराव आहे हा!”

एक इंजिनियर मान हलवत म्हणाला, “म्हणजे आतल्या आत कोणाला तरी देऊन झालाय. कळलं. मागच्या वेळी पण आम्हाला असंच सांगितलं होतं.”

“नाही हो, खरंच!” सुलेखा काकुळतीला आली. “आम्हीच राहतो इथे. आणि राहण्यासारखं काय आहे इथे? बाल्कनीत ऊन येत नाही. ते झाड शेजारच्यांचं आहे. सफरचंदं पण आंबट आहेत. तळघरात उंदीर दिसला होता!”

“बघा,” एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, “उंदीरसुद्धा सांगितला. आपल्याला हेच घर हवं.”

आणि रांग वाढली! दोष ऐकून लोकांचा विश्वास बसत होता आणि विश्वास बसला की लोक फाइल पुढे करत होते. सुलेखाने आणखी दोष शोधले, आणखी फाइली आल्या.

इतक्यात खाली आरडाओरडा झाला. दूध आणायला गेलेला गुरुदत्त, म्हणजे सुलेखाचा नवरा, परत आला होता आणि त्याला वर येता येत नव्हतं.

“अहो साहेब, रांगेत या की!”

“अरे, माझं घर आहे ते!”

“सगळ्यांना तसंच वाटतंय हो. मागे उभे राहा.”

बिचारा गुरुदत्त दुधाच्या पिशव्या घेऊन खरोखरच रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसाने त्याला विचारलं, “तुमच्याकडे बँकेचा दाखला आहे का?” त्याने प्रामाणिकपणे नाही म्हटलं. “मग तुमचं काही खरं नाही,” तो माणूस हळहळून म्हणाला.

आणि मग जिन्यावर एक जड पाऊल वाजलं. रांग आपोआप भिंतीला चिकटली. तळमजल्यावरचे घरमालक हेर लोरेन्त्स, म्हणजे लोरेन्त्स साहेब, वर येत होते. दुपारच्या झोपेतून उठलेले, लाल चेहऱ्याचे, हातात एक बूट.

“हा,” ते दारात येऊन म्हणाले, “कोणाचा आहे? मी याला अडखळलो. आणि याला चुकवताना पुढच्या तिघांना.”

सगळे आपापल्या मोज्यांकडे बघू लागले.

“फ्राऊ माने, माझं घर तुम्ही भाड्याने देताय, असं मला आत्ता जिन्यात एका मांजरवाल्याने सांगितलं. माझ्या बाथरूमला ओल आहे, असंही सांगितलं. उंदीरही सांगितला. तुम्ही माक्लरची परीक्षा देताय ना? परीक्षा घेणाऱ्या चेंबरला कळवू का मी, तुमचा उमेदवार काय करतोय ते?”

सोमवार गेला, फोर्शहाइम गेलं, सगळं गेलं! आणि त्या भीतीने दहा वर्षं जे झालं नव्हतं ते झालं. तिच्या तोंडातून कौतुक बाहेर पडलं. धबधब्यासारखं!

“नाही, नाही, हेर लोरेन्त्स! हे घर म्हणजे स्वर्ग आहे! अशी भिंत नाही कुठे! असा प्रकाश! ही बाल्कनी, हा जिना, हे नळ, वुंडरबार! बाथरूम तर, काय सांगू, राजवाड्यात नसेल! वरचा मुलगा ट्रम्पेट काय वाजवतो, देवदूत! आणि घरमालक? लाखात एक! इथे राहिल्यापासून माझी पाठदुखीसुद्धा गेली!”

ईश्वरी तोंडाचा आ करून आईकडे बघत राहिली. पण तिने एक गोष्ट टिपली. मघाशी पुढे झुकलेले सगळे चेहरे हळूहळू मागे जात होते.

“आता एकदम एवढं का बोलायला लागल्या?” मराठी जोडप्यातली बाई कुजबुजली.

“काहीतरी लपवतायत,” नवरा म्हणाला. “मालक आला आणि सूर बदलला. चल.”

“पाठदुखी गेली म्हणे. हीच ती बिल्डिंग असेल, जिथे...” इंजिनियरने वाक्य अर्धंच सोडलं आणि बूट शोधायला गेला.

जर्मन जोडप्याने मांजराचं शिफारसपत्र परत मागून घेतलं. श्रीधर शेवटपर्यंत थांबला, पण सुलेखा नळांबद्दल दुसऱ्यांदा बोलायला लागली तेव्हा त्याचाही धीर सुटला. “ताई, सोफा तसा वाईट नाहीये,” असं म्हणून तो गेला. चहा टाकायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत जिना रिकामा झाला. उरला एकटा गुरुदत्त, दूध घेऊन.

हेर लोरेन्त्स रिकाम्या जिन्याकडे बघत राहिले. मग सुलेखाकडे. मग हातातल्या बुटाकडे. “इंटरेसांट,” म्हणजे ‘मजेशीर आहे’, एवढंच म्हणाले आणि बूट घेऊनच खाली गेले.

“इंटरेसांट म्हणजे चांगलं की वाईट?” रविवारभर सुलेखा विचारत होती. ओटा, खिडकी, परत ओटा.

“जर्मन माणूस इंटरेसांट म्हणाला ना,” गुरुदत्त म्हणाला, “की वकील बघून ठेवायचा.”

“बाबा!” ईश्वरी ओरडली. “तिला घाबरवू नका. आई, काल तू भारी होतीस. उद्या तसंच कौतुक कर, बस्स!”

सोमवारी समोर त्याच परीक्षकबाई. कागदावरचा फ्लॅट तळमजल्यावरचा, ट्रामच्या रुळांशेजारी. सुलेखाने श्वास घेतला, हात पसरले आणि सुरुवात केली, “हा फ्लॅट म्हणजे वुंडरबार! असा प्रकाश नाही कुठे! आणि नळ...”

बाईंनी मान थोडी मागे घेतली.

ती मान सुलेखाने ओळखली. शनिवारी तिने तशा पन्नास माना पाहिल्या होत्या! तिने हात खाली घेतले.

“खरं सांगू का?” ती म्हणाली. “ट्रामचा आवाज येतो. झोप हलकी असेल तर घेऊ नका.”

“माझी झोप गाढ आहे,” बाई म्हणाल्या. “अजून?”

“प्रकाश कमी आहे. कुंड्या जगायच्या नाहीत.”

“मला बागकाम आवडत नाही. अजून?”

“खिडकीतून काही दिसत नाही, डोंगर नाही, काही नाही. पायऱ्या मात्र चढायला नकोत.”

बाईंचा हात नकळत गुडघ्यावर गेला. “एकही नाही?” त्यांनी पुढे झुकून विचारलं. “आणि ट्राम थेट दाराशीच थांबत असेल, नाही?”

सुलेखा पास झाली. एवढंच नाही, जाताना बाईंनी तो फ्लॅट खरंच कुठे आहे का, असं हळूच विचारून घेतलं.

घरी आली तर खालच्या दारात हेर लोरेन्त्स उभे. इस्त्रीचा शर्ट घालून. ईश्वरी वरून धावत येऊन आईच्या पुढे उभी राहिली, वादविवादाच्या तयारीत.

“फ्राऊ माने, पास झालात?”

“हो,” सुलेखा चाचरत म्हणाली.

“उत्तम. मग माझं एक काम घ्या. हेर्त्सोगेनआउराखला माझ्या आईचं घर आहे. सुंदर, बागेसकट. गुरुवारी माझा मेहुणा ते बघायला येतोय, विकत घ्यायला.”

“अय्या!” सुलेखा हरखली. पहिलं काम! “मी एकेक दोष नीट बघून ठेवते. सगळे सांगते त्यांना. बघाच तुम्ही, लगेच घेतील.”

“नाइन, नाइन! नको!” हेर लोरेन्त्स घाबरून दोन पावलं पुढे आले आणि आतल्या बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी खाली आणला. “त्याला ते घर मिळता कामा नये. मला बायकोसमोर नाही म्हणता येत नाही. तुम्ही कृपा करून फक्त कौतुक करा.”