याकूबच्या टॅक्सीतला 'क्ष'

मंडळी, कर्जत ते कशेळे टॅक्सीचं भाडं गणिताने कमी करून दाखवणारा अख्ख्या तालुक्यात एकच माणूस झाला, तो मी! कर्जतला शाळेत गणित शिकवायचो, रोज याकूबच्या टॅक्सीने घरी परतायचो. सडाफटिंग माणूस, संध्याकाळी दुसरं काही करायला नसायचं.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल भडकलं आणि याकूबने माणशी भाडं वाढवलं. भाजी विकून परतणारी मोतीबाई त्याच्याशी रोज कडाकडा भांडायची. गाडी भरेपर्यंत स्टेशनबाहेर हेच. शेवटी मी छातीठोकपणे सांगितलं, की कमीत कमी खर्चात माणसं पोचवण्याचं एक शास्त्र असतं आणि या रविवारी ते मी तुमच्या टॅक्सीला लावतो.

रविवारभर घरच्या फळ्यापुढून हललो नाही. पक्षपात नको म्हणून उतारूंना नावांऐवजी अक्षरं दिली. सोमवारी भर टॅक्सीत निकाल जाहीर केला. सगळा घोळ 'क्ष'चा! कशेळ्याला सगळे उतरल्यावर त्या एकट्यासाठी गाडी ओढ्यापलीकडे जाते, रिकामी परत येते आणि ते पेट्रोल सगळ्यांच्या भाड्यात बसतं. 'क्ष'ला कशेळ्यालाच उतरवा, भाडं पूर्वीइतकं होईल.

मोतीबाई खूश झाली. मग जरा विचारात पडली.

"मास्तर, वड्यापल्याड तुमीच ऱ्हाता ना?"

कुणी हसलंसुद्धा नाही, इतकी त्यांना माझी दया आली.

कशेळ्याला मी ताठ मानेने उतरलो. याकूब दार धरून उभा. रोज तो मला घरापर्यंत सोडायचा, ओट्यावर बसून माझ्या हातचा चहा प्यायचा, बायकोच्या, म्हणजे खतीजाभाभीच्या, तक्रारी सांगायचा. पोरांना ओरडणं सोडलं तर दिवसभरात मी मनापासून बोलायचो ते एवढंच.

"बसा मास्तर. तेवढ्या पेट्रोलचं माजं मी बघतो."

"उत्तर बरोबर आहे, याकूब."

"आन् च्या?"

ते मी गणितात धरलंच नव्हतं. पण भर बाजारात मास्तराने स्वतःचं उत्तर खोडायचं? चहा आता घरीच घे म्हणालो आणि चालू लागलो.

घरात शिरल्यावर फार एकटं वाटलं, लपवत नाही. सवयीने दोन कपांचं आधण ठेवलं होतं. दोन्ही मीच प्यायलो आणि फळ्यापाशी जाऊन गणित पुन्हा तपासलं. कुठेतरी चूक सापडावी अशी फार आशा होती.

कसचं काय, उत्तर बरोबरच आलं!