सासूबाईंची साखर आणि फ्रिजवरचा कागद

औषधाच्या खोक्यातला कागद वाचणारा अख्ख्या चाचाक गावात मी एकटाच! बाकीचे लोक त्यावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं टाकतात.

म्हणून सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्यांवर 'नवीन इशारा' अशी पिवळी पट्टी दिसली, तेव्हा मी लगेच चष्मा पुसला. सोमवारी त्यांची तपासणी होती. साखर चढलेली निघाली, तर पोटात इन्सुलिनची सुई, असं डॉक्टर वुकोसावाबाईंनी बजावलं होतं. आमच्या सासूबाई रादोयका रणगाड्याला घाबरणार नाहीत, पण सुई म्हटली की पांढऱ्याफटक!

"काळजी सोडा, आई. मी आहे ना!"

"त्याचीच काळजी आहे," त्या म्हणाल्या.

इशारा असा होता : या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड दिसली तर ताबडतोब काहीतरी गोड द्या. मी तो ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला.

रविवारी स्लावा, म्हणजे आमच्या घराण्याच्या संताचा सण. सण माझ्या घराण्याचा, पण स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात! येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी चमचाभर आलुबुखाराचा मुरंबा आणि पाणी द्यायचं, हा रिवाज. त्यामुळे बरणी दिवसभर टेबलावर. आणि सणाच्या दिवशी सासूबाईंची चिडचिड झाली नाही, असं कधी घडलंय?

"ल्युबिशा! कोबीची पानं कुणी फाडली?" त्या गरजल्या.

साखर उतरली! मी चमचा भरून धावलो.

"अरे, मला गोड चालत नाही!"

"कागदावर लिहिलंय, आई!"

कागदापुढे त्यांचं काही चालेना. दुसऱ्या चमच्यापासून त्यांनी विरोधही केला नाही. मग माझी बायको वेरिका मिठावरून बोलणी खाऊन आली आणि तिनेही एक चमचा भरवला. शेजारचे मिलोरादकाका बर्फाने माखलेले बूट घेऊन आत शिरले. सासूबाई त्यांच्यावर अशा कडाडल्या, की काकांनी फ्रिज वाचला आणि सरळ बरणीच उचलली! बावीस पाहुणे आले, बावीस जणांनी बोलणी खाल्ली, आणि प्रत्येकाला वाटलं की साखर उतरल्याचं फक्त आपल्याच लक्षात आलंय.

सोमवारी डॉक्टरबाईंनी आकडा पाहिला, मग आम्हाला पाहिलं.

"सुई सुरू करावी लागणार. एवढं गोड दिलं कुणी?"

"नव्या इशाऱ्यात लिहिलंय..."

"आणि त्याच्या आधीची ओळ? शक्य असेल तर बोट टोचून साखर मोजा?"

ती ओळ मी गाळली होती. रक्ताचं नाव काढलं तरी मला भोवळ येते हो!

सासूबाईंचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरी सुई कोण टोचेल?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा! वाचतो ना सगळं!"

डॉक्टरबाईंनी सुई माझ्या हातात ठेवली. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी जमिनीवर होतो, आणि वरून सासूबाईंचा आवाज येत होता, "बाई, गोळ्यांवर इशारे छापता, मग जावयांवर का नाही छापत?"