चाकूचे वजन

माणसाची समाजातली पत तो काय खातो यावरून ठरत नाही. ते शिजत असताना त्याच्या हातात काय दिले जाते, यावरून ठरते. हे सत्य जगभर लागू असले तरी त्याची काटेकोर अंमलबजावणी फक्त कोल्हापूर जिल्ह्यात होते.

अभिराम टोपकर हे एका पतसंस्थेत शाखाधिकारी होते. कर्ज द्यायचे की नाही हे त्यांच्या सहीवर ठरे आणि भलीभली माणसे त्यांच्या टेबलापुढे घसा खाकरून बोलत. पण कागलजवळ बाळासो चौगुल्यांच्या मळ्यात ‘रविवार रस्सा मंडळ’ (नोंदणी प्रस्तावित) जमले की अभिरामांकडे एकच खाते येई : लिंबू वाटप. कापणे नव्हे. दुसऱ्याने कापलेले लिंबू पंगत बसल्यावर वाटणे.

मंडळ सहकाराच्या तत्त्वावर चाले, म्हणजे सगळे समान आणि बाळासो चेअरमन. त्यांच्याखाली मटण निवडणारे, मग मसाला भाजणारे, जाळ सांभाळणारे आणि कांदा कापणारे. कांद्याच्या खाली पाणी आणणारे, सतरंजी झाडणारे, कुत्री हाकलणारे. लिंबू वाटप कुत्र्यांच्याही खाली येई (कुत्री हाकलणाऱ्याला निदान काठी मिळते). कांद्यापासून वरचे लोक चुलीजवळ बसत. कुणाचा ऊस कुणी पळवला, कुणाचे लग्न कशावरून मोडले, या सगळ्या गप्पा तिथे होत. बाकीच्यांना त्या जेवताना कळत, तोवर त्यांतली चव गेलेली असे. अभिरामांना रश्शाचा फारसा सोस नव्हता. त्यांना चुलीजवळ बसायचे होते, एवढेच.

अशात, वर्षानुवर्षे कांदा कापणाऱ्या अप्पांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी धूर आणि कांदा दोन्ही बंद केले. पद रिक्त झाले.

“आता ह्ये महिनाअखेरच्या रविवारी ठरवू,” बाळासोंनी जाहीर केले. “ज्येला कापायचा हाय त्येनं आपापली सुरी घिऊन यायची. उगंच वशिला न्हाय चालायचा.”

उमेदवार दोन निघाले : टायरचे दुकान चालवणारे अमरसिंह आणि अभिराम. अमरसिंहांनी घरातली सुरी दगडावर घासून ठेवली आणि विषय संपवला. अभिराम मात्र शिकलेले होते. त्यांनी अभ्यास केला.

रोज जेवण झाल्यावर ते मोबाईलवर चाकूंचे व्हिडिओ बघू लागले. एक दाढीवाला गृहस्थ कागद कापी, दोर कापी, आणि टोमॅटो तर चाकूच्या नुसत्या दर्शनानेच दोन फाका होऊन पडे. त्याच चाकूवर अभिरामांचे मन बसले. चाकू घडीचा होता. त्याने काच फुटे, ठिणगी पडे, मुठीत शिट्टी होती, बुडाशी होकायंत्र होते आणि अस्वलापासून बचाव होण्याची हमी होती. (कोल्हापूर ते कागल रस्त्यावर अस्वल नाही. गवा कधीमधी शहरात येतो, पण तो वनखात्याच्या अखत्यारीतला विषय आहे.) कांद्याचा उल्लेख माहितीत कुठेच नव्हता. परंतु जे अस्वलाला भीत नाही ते कांद्याला काय भिणार, असा तर्क अभिरामांनी केला, आणि तर्कात खोट काढता येत नाही.

शिवाय अभिप्राय होते. सत्त्याण्णव टक्के ग्राहक समाधानी होते. त्यांच्या लेखनात सर्वाधिक वेळा आलेला शब्द ‘वजन’ हा होता. ‘धार’ हा शब्द फारसा कुणी वापरला नव्हता. ती गृहीतच असणार. किंमत इथे सांगत नाही. एवढेच सांगतो की तेवढ्यात मंडळाचे बरेच रविवार झाले असते आणि वर पाहुण्यांनाही डबा गेला असता.

चाकू आला. खोक्यात खोके, त्यात डबी, डबीत मखमल. अभिराम तो उघडून बघणार, तोच त्यांच्या पत्नी प्रमोदिनी, ज्या शाळेत विज्ञान शिकवतात, म्हणाल्या, “अहो, नवीन वस्तू आहे. आधी देवापुढं ठेवा की.”

चाकू देवापुढे गेला. त्याला हळद लागली, कुंकू लागले, फूल वाहिले गेले, उदबत्ती ओवाळली गेली. मग प्रमोदिनींनी शुभारंभाला एक लिंबू दिले. अभिरामांनी पाते टेकवले आणि दाबले. लिंबू दबले, घरंगळले आणि फ्रिजखाली गेले. दुसरे दिले. ते जागेवरच पिळून निघाले. पाते अस्वलाच्या मानाने केलेले असल्यामुळे बोटभर जाड होते आणि धार म्हणून जी बाजू दाखवली होती तिच्यावरून अंगठा बिनधास्त फिरत होता. अभिराम अगदी खट्टू झाले. जत्रेतला फुगा दारातच फुटावा तसे त्यांना झाले.

“परत पाठवा,” प्रमोदिनी म्हणाल्या.

कंपनीची मदतनीस माणूस नव्हती, पण माणसांत आढळत नाही इतकी नम्र होती. तिने वस्तूचा फोटो मागितला. अभिरामांनी पाठवला. तिने लगेच लिहिले की उत्पादनावर रक्तासारखे डाग दिसत आहेत, आपण सुरक्षित आहात का? अभिरामांनी कळवले, ‘मी ठीक आहे. ते कुंकू आहे.’ तिने दिलगिरी व्यक्त केली. ‘कुंकू’ हा पर्याय उपलब्ध नव्हता. उपलब्ध पर्याय तीन होते : डाग स्वतःच्या रक्ताचे आहेत, इतर व्यक्तीच्या रक्ताचे आहेत, प्राण्याच्या रक्ताचे आहेत. पैकी एक निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते.

अभिरामांनी नोकरीत पुष्कळ अवघड निर्णय घेतले होते. त्यांनी शांतपणे विचार केला. पहिल्या पर्यायाने घरी रुग्णवाहिका येईल, दुसऱ्याने पोलीस येतील. त्यांनी तिसरा निवडला. तिने आभार मानले, शिकारीसाठी वापरलेले उत्पादन नियमानुसार परत घेता येत नसल्याचे कळवले आणि वन्यजीव रक्षणाबद्दल एक माहितीपट पाठवला. शेवटी, या संभाषणाने आपले समाधान झाले का, असे विचारले. तिथे ‘नाही’ हा पर्याय होता, पण तो दाबला की पुन्हा तीच नम्र बाई पहिल्यापासून सुरू होई.

ठरलेला रविवार आला. दुसरी सुरी न्यावी असे अभिरामांना वाटले होते. पण चाकूबद्दल ते आधीच चार लोकांत बोलून बसले होते. मळ्यात पोचताच बाळासोंनी हात पुढे केला. “बघू सायेब, तुमचं हत्यार.”

चाकू हातात पडताच त्यांचा हात जरा खाली गेला. “आयला, वजन हाय की!”

“केवढ्याला वो?” अमरसिंहांनी विचारले. अभिरामांनी आकडा सांगितला. जाळवाला जाळ विसरला.

बाळासोंनी कांदा घेतला, पाते ठेवले आणि जोर लावला. कांद्याची दामटी झाली, तो सुटला आणि राखेत जाऊन पडला. सगळे कांद्याकडे बघत राहिले. धारच न्हाय ओ, फसलो मी, असे म्हणायला अभिरामांनी तोंड उघडले. तेवढे बोलले असते तर सगळे पोट धरून हसले असते आणि हसता हसता कुणीतरी त्यांना सरकून जागाही दिली असती. पण चेअरमन आधी बोलले.

“कांदा ओला हाय ह्यो.”

“व्हय की,” जाळवाला म्हणाला. “ओलाच हाय.”

“आनी येवढी भारी वस्तू कांद्याला लावायची म्हंजे...” काळा चष्मा लावून बसलेले अप्पा म्हणाले. “शोभतंय का त्ये?”

ते कुणालाच शोभेना. ठराव बिनविरोध झाला. कांदा अमरसिंहांकडे गेला, आणि अभिरामांसाठी बाळासोंच्या उजव्या हाताला, चुलीला लागून, नवीन पद निर्माण झाले. काम काहीच नव्हते. चाकू उघडून मांडीवर ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना हातात घेऊ द्यायचा.

अभिराम अखेर चुलीजवळ बसले. पण तिथे आता पोलादाविषयी, वजनाविषयी आणि अस्वलांविषयीच बोलणे होऊ लागले, आणि उत्तरे त्यांनाच द्यावी लागत. ऊस आणि मोडलेली लग्ने अमरसिंहांच्या कांद्याभोवती सरकली. तिथून हशा पिकला की अभिराम मान लांब करून ऐकायचा प्रयत्न करत, आणि कुणीतरी विचारी, “ही शिट्टी कशापाई हो?” लिंबू वाटताना निदान पंगतीभर फिरता यायचे. आता उठायचीसुद्धा सोय राहिली नव्हती, आणि त्यांना फार एकटे वाटे.

महिन्याभरात बाळासोंनी तोच चाकू मागवला, मग जाळवाल्याने, मग अप्पांनी. प्रत्येकाने घरी लिंबू कापून बघितले असणारच. कुणी अवाक्षर काढले नाही. समाधानी ग्राहकांचे प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेले.

ही हकीगत आम्ही आजवर अनेकांना सांगितली आहे. सगळे मनापासून हसतात, अभिरामांबद्दल हळहळतात आणि मग जरा थांबून, अगदी सहज, चाकूचे नाव विचारतात. म्हणून आम्ही ते इथे दिलेले नाही. आपल्याला तशी अडचण पडणार नाही. शोधलेत की पहिलाच दिसतो, सध्या सवलतही चालू आहे. आणि आपण तर नुसता बघणार आहात.