परबकाकांचा बारावा भोंगा

कुणाच्याही घरात शिरताना आपण चपला काढतो, समोरच्याकडे बघून हसतो. आमच्या समोर राहणारे परबकाका आधी छताकडे बघायचे. चपला पायातच, एक हात दाराच्या चौकटीवर, मान मागे टाकलेली आणि नजर पंख्याच्या आसपास फिरतेय. ते बघून झालं की खाली माणसंही आहेत, याची त्यांना आठवण व्हायची. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले तेव्हा वडीलधारं माणूस हवं म्हणून आम्ही काकांना बोलावून बसवलेलं. पोह्यांच्या बश्या हातात आल्या तसे काका मुलाच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघराला पोटमाळा आहे का हो?" वडील खूश झाले. त्यांना वाटलं, मुलीकडचे घराची चौकशी करतायत. "आहे की. चांगला ऐसपैस आहे."

"मग धूर तिथे अडकणार," काका म्हणाले. "पॉइंट लक्षात घ्या."

तरी लग्न ठरलं, हे नणंदेचं नशीब. काकांनी आहेरात भोंगा दिला आणि लग्नानंतर आठ दिवसांत स्वतः शिडी घेऊन तिच्या सासरी लावूनही आले.

भोंगा म्हणजे धूर झाला की ओरडणारा डबा. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीतली आमची इमारत तीन मजली, बारा घरांची. आगीची सूचना देणारी असली वस्तू राहत्या घरात लावतात, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. काकांनी मात्र एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं असल्याच घंटा सांभाळलेल्या. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. काका शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्यांकडे जायला लागले. तिथून बंद पडलेल्या इस्त्र्या आणायच्या, त्यांतली तापल्यावर वाकणारी पट्टी काढायची आणि तिचा स्वयंपाकघरासाठी भोंगा करायचा. उष्णता वाढली की पट्टी वाकणार, तारेला टेकणार आणि भोंगा बोंबलणार. बाहेरच्या पॅसेजमध्ये लावायचा तो वेगळा. पावडरचा रिकामा डबा आतून काळा रंगवलेला, त्यात एक इवला दिवा आणि उजेड ओळखणारा एक डोळा. डब्यात धूर शिरला की डोळ्याला कळायचं. हा डोळा आणायला काका विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या बाजारात जायचे आणि रुमालात गुंडाळून वरच्या खिशातून आणायचे.

"धूर झाला तर नाकाला कळतंच की," माझ्या सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "त्याला डबा कशाला?"

"वहिनी, झोपलात की नाकही झोपतं. कान जागा राहतो. पॉइंट लक्षात घ्या."

सासूबाईंनी पॉइंट लक्षात घेतला नाही, पण भोंगा लावल्याशिवाय काका शिडीवरून उतरेनात, तेव्हा त्यांनी तो लावू दिला. असं करत करत त्यांनी अकरा घरं जिंकली. छताच्या मधोमध जागा धरायची, कोपऱ्यात नाही, कारण कोपऱ्यात धूर उशिरा पोचतो. डब्यावर चुना लावायचा नाही. महिन्याला मऊ ब्रशने धूळ झाडायची. सेल गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला बदलायचे, वाजत असला तरी बदलायचे. दसऱ्याला घरोघरी सोनं वाटत फिरताना काका आपट्याच्या पानाबरोबर दोन सेल हातात ठेवायचे.

सगळ्यात कडक नियम संकष्टीचा. दर संकष्टीला संध्याकाळी काका जळमटं काढायची काठी घेऊन घरोघर जायचे आणि काठीच्या टोकाने भोंग्याचं बटण दाबायचे. "संकष्टीच का?" मी एकदा विचारलं. "त्या दिवशी माणूस चंद्राची वाट बघत घरी असतो," काका म्हणाले. "आणि उपाशी असतो, त्यामुळे वाद घालत नाही." बटण दाबताना ते भोंग्याकडे कधीच बघायचे नाहीत. आमच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आम्ही दचकलो, कानांवर हात ठेवले की समाधानाने म्हणायचे, "वाजला ना?" म्हातारा कौतुकाचा भुकेला आहे, असं मला वाटायचं.

एकदा क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी इमारतीतली वीज गेली. ट्रान्झिस्टरला सेल हवेत म्हणून वरच्या मजल्यावरच्या दातारांनी स्वतःचा भोंगा उघडला. संकष्टीला काकांनी बटण दाबलं. दातार दचकेनात. काकांनी पुन्हा दाबलं. दातार नुसते हसत उभे. काकांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या भल्या माणसाला शेजारपाजाऱ्यांसमोर असं काही फैलावर घेतलं की त्यानंतर दातारांनी भिंतीवरच्या घड्याळाचे सेलही काकांना विचारून बदलले.

अकरा घरांत भोंगा होता. बारावं घर काकांचं स्वतःचं, आणि तिथे काही नव्हतं. मालतीकाकू जाऊन पाच वर्षं झालेली. हा माणूस दुपारी स्वतःच गॅसवर बांगडे भाजायचा आणि जेवून तिथेच आडवा व्हायचा. सासूबाईंचा जीव खालीवर व्हायचा. "लोकांना शहाणपण शिकवतात आणि स्वतः एकटे असून घर उघडं ठेवतात," त्या म्हणायच्या. काकांना विचारलं तर म्हणायचे, "मला कशाला? मी जागाच असतो." त्यांची मुलगी सुनंदा ठाण्याला टेंभी नाक्याजवळ दिलेली. दर पंधरा दिवसांनी यायची आणि दर वेळी म्हणायची, "बाबा, आता माझ्याकडे चला." काकांना ते घर सोडायचं नव्हतं. काकूंनी लावलेली तुळस खिडकीत होती आणि अकरा घरं त्यांच्या देखरेखीखाली होती.

मग माझं दुसरं बाळंतपण झालं. ते सासरीच होतं, आणि सासूबाईंच्या हातची शेकशेगडी म्हणजे साग्रसंगीत. बाळाची आंघोळ झाली की शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं आणि चिमूटभर धूप. रोज खिडकी उघडी असायची. त्या दिवशी हवा गार होती, बाळाला वारा लागेल म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्या लावल्या आणि वर ओवा जरा सढळ हाताने टाकला. धूर पॅसेजमध्ये गेला आणि भोंग्याने जो टाहो फोडला, तो ऐकून बाळ रडायचंच विसरलं.

काकांची शिकवण अशी पक्की, की दोन मिनिटांत दातार पाण्याची बादली घेऊन हजर. खालच्या मजल्यावरून कुणी भिजवलेलं गोणपाट आणलं. मी बाळाला घेऊन दारात आले. समोर काकांचं दार सताड उघडं होतं आणि काका आमच्याकडे पाठ करून, उंबऱ्याशीच खुर्चीत बसून एक डबा काळा रंगवत होते. भोंगा त्यांच्यापासून चार पावलांवर किंचाळत होता. त्यांचा ब्रश शांतपणे फिरत होता. त्यांनी मानही वळवली नाही.

शेवटी कुणाचा तरी पाय त्यांच्या खुर्चीला लागला. काका वळले, सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं, ताडकन उठले आणि म्हणाले, "वाजला ना? बघा, मी म्हटलेलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धुरी बघून हशा पिकला. मला हसू येईना. संकष्टीला ते आमच्या तोंडाकडे का बघायचे, ते मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी ते बाळाला बघायला आले, छत बघून झालं, तेव्हा मी समोर बसून हळूच विचारलं, "काका, तुम्हाला भोंगा ऐकू येत नाही ना?"

ते बाळाच्या मुठीशी खेळत राहिले. "बारीक आवाज गेलेत, सूनबाई," ते म्हणाले. "कॉम्प्रेसरच्या बाजूला तीस वर्षं उभा होतो. समोरचं माणूस बोललं की कळतं. पाठीमागचं नाही. घंटी नाही, कुकरची शिट्टी नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुणाला सांगू नका. बहिऱ्याच्या हातचा भोंगा कोण लावून घेईल? आणि सुनंदाला कळलं तर ती मला त्याच दिवशी उचलून नेईल."

मी कबूल केलं, आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंना सांगून टाकलं. मी काही दगड नव्हे. दुसऱ्या दिवशी सासूबाई उठून, गुडघे दुखत असताना, समोर गेल्या.

"परबभाऊजी, तुमच्याकडे भोंगा लावा आणि तो वाजू दे आमच्या घरात. मी दिवसभर घरीच असते. माझे कान शाबूत आहेत."

"छे छे वहिनी. माझा गोंगाट तुमच्या घरात कशाला?"

"अकरा घरांत तुमचाच गोंगाट आहे," सासूबाई म्हणाल्या.

तरी तीन आठवडे काकांनी टाळाटाळ केली. कधी वायर नाही, कधी दिवस चांगला नाही. त्यांना कुणाचं ओझं व्हायचं नव्हतं. शेवटी सासूबाईंनी धमकी दिली की आमच्या पॅसेजमधला भोंगा काढून माळ्यावर टाकीन. त्याच दुपारी काका शिडी घेऊन आले. त्यांच्या स्वयंपाकघराबाहेर पॅसेजमध्ये धुराचा डबा, तिथून दारांवरून गेलेली बारीक वायर आणि आमच्या फडताळाशेजारी एक काळं बोंबलणारं खोकं. कुणी विचारलंच, तर 'नवा प्रयोग' असं सांगायचं ठरलं.

प्रयोगाला आठवडा झाला नाही, तोच सुनंदा आली. तिने वडिलांची घंटी वाजवली, दार ठोठावलं. काका आत दाराकडे पाठ करून काम करत होते. दहा मिनिटांनी घाबरून तिने आमचं दार वाजवलं. आमच्याकडची किल्ली घेऊन ती आत गेली, वडिलांच्या खांद्याला हात लावला आणि ते केवढ्याने दचकले, ते तिने बघितलं. सगळं तिला तिथेच कळलं. तिने रडत रडत पलंगाखालची बॅग ओढली आणि त्यात त्यांचे सदरे भरायला लागली. "आज मी तुम्हाला नेणार म्हणजे नेणार. उद्या काही पेटलं तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही." एरवी दोन वाक्यं दुसऱ्याला बोलू न देणारे काका खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून होते. मला ते बघवेना.

सासूबाई दारात होत्या. "सुनंदा," त्या म्हणाल्या, "ती बॅग बाजूला ठेव. मी घरी जाते आणि दार लावून घेते. तू आतल्या ओट्यावर ताटात कागद पेटव."

सुनंदाला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण सासूबाई गेल्यासुद्धा. मी मान हलवली तशी तिने वर्तमानपत्र चुरगाळून थाळीत पेटवलं आणि पाणी ओतून विझवलं. धुराचा लोट छताला लागून पॅसेजमध्ये गेला. त्या घरात कुठे काही वाजलं नाही. काका खुर्चीत बसून आमच्या बंद दाराकडे बघत होते. मला ते काही क्षण फार लांब वाटले.

आणि आमचं दार उघडलं. सासूबाई कळशी घेऊन आल्या, लंगडत पण भराभर. त्यांच्यामागे आवाज ऐकून दातार बादली घेऊन जिना उतरत आले, दातारांमागे आणखी चार माणसं. गॅस बंद आहे का, ते सासूबाईंनी बघितलं, खिडकी उघडली आणि काकांसमोर येऊन मोठ्याने म्हणाल्या, "वाजला."

काकांचे डोळे भरून आले. "किती माणसं आली," ते सुनंदाला म्हणाले.

दातारांना काकांच्या कानांचं तिथेच समजलं. त्यांनी बादली खाली ठेवली. "काका," ते म्हणाले, "मंगळवारी संकष्टी आहे. आमच्याकडे येताय ना?" काकांनी मान हलवली. सुनंदाने बॅगेतले सदरे काढून पुन्हा कपाटात लावले. जाताना तिने सासूबाईंचे पाय धरले आणि त्यांनी तिला उठवून डब्यात लाडू बांधून दिले.

बाराव्या भोंग्याची अडचण एवढीच, की तो काकांना एकट्याने तपासता येत नाही. त्यांनी बटण दाबायचं आणि समोरून कुणी आलं, म्हणजे भोंगा चालू आहे. संकष्टीला त्यांनी दाबलं, सासूबाई गेल्या. पुढच्या महिन्यात काकांना वायरीची शंका आली, म्हणून दर आठवड्याला दाबायचं ठरलं. मग हवा दमट आहे म्हणून दोन दिवसांआड. पावसाळा संपेपर्यंत आमच्या फडताळाशेजारचं खोकं रोज दुपारी चारला बोंबलायला लागलं. दोन सेलसाठी दातारांना फैलावर घेणारा हा माणूस सेल असे कसे उधळतो, हे मला कळेना.

"आई," मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "काका उगाच बटण दाबतात. भोंग्याला काही झालेलं नसतं."

"मला माहीत आहे," पदर सावरत त्या म्हणाल्या. "तू चहाचं आधण वाढव. मी त्यांना घेऊन येते."