पदसिद्ध मामा

जगात प्रत्येकाला कोणी ना कोणी असतेच, असे वडीलधारी माणसे सांगतात. ज्याला कोणीच नसते, त्याला शासन असते. शासनालाही मन असते. फक्त ते बहुतेक वेळा जागेवर नसते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा यावे लागते.

नाशिकच्या एका टोकाला असलेल्या बालसदनातली मुले एक जूनला मोठी होत. सगळीच. जिथे आईबापांचा पत्ता नाही तिथे जन्मतारखेचा कुठून असणार, म्हणून मूल दाखल करताना गुरुजी सरसकट एक जून लिहून टाकत. (गुरुजींची स्वतःचीही एक जूनच होती.) अठरा पूर्ण झालेल्यांना त्या दिवशी एक पत्र्याची पेटी, एक चादर, एक बुंदीचा लाडू आणि शुभेच्छा देऊन फाटकापर्यंत सोडण्यात येई. पुढे ही मुले जातात कुठे, अशी काळजी वाटून १९९७ साली त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली.

समितीने काम मनापासून केले. दोन वर्षांत बाहेर पडलेल्या चौसष्ट जणांचा तिने शोध घेतला. एकोणीस बसस्थानकावर सापडले, अकरा रामकुंडाच्या पायऱ्यांवर, आणि नऊ पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या खोक्यांच्या थप्पीमागे. उरलेले पंचवीस सापडलेच नाहीत, म्हणून त्यांची नोंद 'स्थिरस्थावर' अशी करण्यात आली.

सापडलेल्यांनी खोल्या शोधल्या नव्हत्या असे नाही. सिडकोपासून पंचवटीपर्यंत त्यांनी दारे वाजवली होती. प्रत्येक घरमालकाने एकच विचारले, तुझं कोण आहे? आणि प्रत्येक मुलाने खरे ते सांगितले. त्यावरून समितीने असा निष्कर्ष काढला की शहरात खोल्यांचा तुटवडा मुळीच नाही, तुटवडा उत्तराचा आहे. आणि खोल्या बांधण्यापेक्षा उत्तर नेमणे सोपे.

कोणते नाते नेमावे यावर चार बैठका झाल्या. बाप नेमला तर वारसाहक्क लागू होतो. काका नेमला तर भाऊबंदकी आली, म्हणजे पुन्हा कोर्टकचेरी. आजोबा वयोमर्यादेत बसत नाहीत. मामा मात्र एकमताने मंजूर झाला. मामाला इस्टेटीतले काही घ्यायचे नसते आणि फारसे द्यायचेही नसते. तो येतो, खुर्चीत बसतो, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि संध्याकाळच्या बसने निघून जातो. शासनाला हवा तसा नातेवाईक आपल्या कुटुंबपद्धतीत आधीपासूनच तयार होता, याचे समितीला फार समाधान वाटले.

अशा रीतीने अनुरक्षण कक्षातले वरिष्ठ लिपिक वाल्मीक खैरनार यांच्याकडे, आहे ते काम सांभाळून, 'पदसिद्ध मामा' या पदाचा अतिरिक्त कार्यभार आला. (अनुरक्षण म्हणजे अठरा वर्षांनंतर घ्यायची काळजी. अठरापर्यंतची काळजी शेजारच्या टेबलाकडे असते.) खैरनार तेव्हा बावन्न वर्षांचे होते आणि इतके सरळ होते की कार्यालयातल्या पेन्सिलीने घरचा वाणसामानाचाही कागद लिहीत नसत. मामा व्हायला बहीण लागते आणि आपल्याला बहीण नाही, ही अडचण त्यांनी स्वतःच लेखी उपस्थित केली. कक्षाने ती अट शिथिल केली.

कामाची पद्धत छापील होती. भाच्यासोबत घरमालकाकडे जाणे. दिलेल्या खुर्चीत बसणे. चहा अर्धाच घेणे (पूर्ण घेतल्यास गरजू वाटते). योग्य क्षणी मंजूर वाक्य उच्चारणे. मंजूर वाक्य असे होते: "पोरगा आमच्या घरातला आहे." मुलींसाठी त्यात योग्य तो बदल करायची मुभा होती. जामीन राहणे, कागदावर सही करणे आणि पुन्हा भेटायला येणे यांस सक्त मनाई होती.

हसू नका, योजना चालली. पहिल्याच वर्षी एकेचाळीस भाचे-भाच्यांपैकी तेहतीस जणांना खोल्या मिळाल्या. उरलेल्या आठांचे जमले नाही, कारण काही घरमालकांनी हाच मामा आधीही पाहिला होता. खैरनारांनी कामात जीव ओतला होता. 'आमच्या' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई, आणि समोरचा घरमालक किल्ली शोधायला उठे.

मग १९९९ सालच्या एक जूनला मैना मोठी झाली.

मैनाचे आईबाप ती लहान असतानाच गेले. मावशी भागीबाई मखमलाबादच्या मळ्यांतून मेथी-शेपू आणून गोदाकाठच्या बाजारात विकायची. ती विधवा, तिची एकच खोली. तिने मैनाचा धाकटा भाऊ दीपक याला जवळ ठेवले आणि मैनाला दोन वर्षांसाठी म्हणून बालसदनात घातले. दोनाची नऊ झाली. भागीबाई एकही रविवार न चुकवता गूळ-शेंगदाणे घेऊन फाटकाशी येत राहिली. आता मैना पेटी घेऊन मावशीकडे आली, तर घरमालक म्हणाला की खोली दीड माणसाला दिली होती, अडीच झाल्यावर चालायचे नाही. पोळ्यापर्यंत जागा सोडा. म्हणजे तिघांना नवी खोली हवी होती, आणि नव्या खोलीसाठी मामा.

अर्जाची छाननी होईस्तोवर श्रावण उजाडला. खैरनारांना अर्जात एक त्रुटी आढळली. 'मावशी' या रकान्यात मैनाने 'आहे' असे लिहिले होते. नियम सात सांगत होता की जिवंत नातेवाईक असल्यास पदसिद्ध नातेवाईक देय नाही. इकडे भागीबाईने अकरा घरे पालथी घातली होती आणि अकराही ठिकाणी तिला विचारले होते की तुमच्यासोबत माणूस कोण. मीच हाय, असे ती म्हणे, आणि दार लागे. थोडक्यात, घरमालकांच्या लेखी मावशी म्हणजे कोणी नाही आणि कक्षाच्या लेखी मावशी म्हणजे कोणीतरी. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या.

खैरनारांना पोरीची कणव आली. त्यांनी हलक्या आवाजात सुचवले की त्या रकान्यात 'मयत' लिहावे.

"कसं लिहू?" मैना म्हणाली. "ती बाहेर बाकावर बसलीय. तुमच्या शिपायानं आत्ताच तिच्याकडून मेथीची जुडी घेतली."

"कागदापुरतं गं."

"एक आई खरीच मेली साहेब. दुसरी कागदावर नका मारायला लावू." आणि तिने अर्ज परत घेतला.

बाकावर बसून भागीबाईने सगळे ऐकले. तिला लिहिता येत नव्हते, पण नियमातली फट तिला तीन सदस्यांच्या समितीआधी दिसली. राखी पौर्णिमेला, भर कार्यालयीन वेळेत, ती ताटलीत हळदकुंकू आणि राखी घेऊन टेबलासमोर उभी राहिली. भाऊ नसला तर करून घ्यायचा असतो, हात पुढं करा, असे तिने फर्मावले.

उभ्या आयुष्यात खैरनारांच्या हाताला राखी लागली नव्हती. दरवर्षी त्या दिवशी ते लांब बाह्यांचा सदरा घालत, म्हणजे कोणी मनगट पाहणार नाही. त्यांनी नियम पाहायच्या आधी हात पुढे केला आणि त्यांचे डोळे भरून आले. (याची नोंद फाइलवर नाही.) आता ते मैनाचे रीतसर मामा झाले होते, आणि खऱ्या मामाला मंजुरी लागत नाही. ओवाळणी म्हणून भागीबाईने साडी मागितली नाही. म्हसरूळला एका घरमालकाकडे येऊन बसा, एवढेच मागितले. खैरनारांनी किरकोळ रजा टाकली, खुर्चीत बसले, वाक्य म्हणाले. पोळ्याच्या आत तिघे नव्या खोलीत राहायला गेली.

दिवाळीनंतर तपासणी लागली. खैरनारांवर ठपका आला की पदसिद्ध मामा असताना त्यांनी परवानगीवाचून खरे मामापण पत्करले आणि आप्ताला लाभ मिळवून दिला. त्यांच्याकडचे सगळे भाचे मालेगावहून बदलून आलेल्या नव्या मामाला मोजून सुपूर्द करण्यात आले. म्हसरूळच्या घरमालकालाही पत्र गेले, की श्री. खैरनार यांनी आपल्या घरी केलेले मामापण रद्द समजावे. घरमालक कायदा पाळणारा गृहस्थ होता. त्याने आठ दिवसांची मुदत दिली.

नवव्या दिवशी सकाळी खैरनारांच्या सिडकोतल्या घरासमोर टेम्पो थांबला. त्यात स्टोव्ह, दोन पेट्या, वळकट्या, भाजीच्या पाट्या, दीपक आणि मैना. पुढच्या सीटवरून भागीबाई उतरली, भावाच्या घरी बहीण उतरते तशी, विचारपूस न करता.

खैरनारांच्या घराला वरती एक खोली होती. (तिचा उल्लेख आधी केला नाही, कारण खैरनारांनीही कक्षात तो कधी केला नव्हता.) वेगळा जिना, नळाला पाणी, दोन वर्षे रिकामी. कठड्याला पाटी होती: 'खोली भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी.' खैरनारांच्या पत्नी सुलाबाई कठड्याशी आल्या, टेम्पोकडे बघितले आणि अगदी मऊ आवाजात विचारले, "अहो, यांच्यासोबत माणूस कोण आहे?"

खैरनार फाटकाची कडी धरून उभे राहिले.

"दादा," भागीबाई म्हणाली, "पोरगी आमच्या घरातली हाय, आसं तुम्हीच म्हनले व्हते. म्या सोता ऐकलंय."

खैरनार खोटे बोलत नसत. "ताई," ते म्हणाले, "ते वाक्य दुसऱ्याच्या घरात म्हणायचं असतं." म्हणताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण ते म्हणाले.

भागीबाई कठड्यावरच्या पाटीकडे बघत राहिली, आणि वाचता येत नसल्यामुळे तिने मैनाकडे पाहिले. मैनाने पाटी वाचून दाखवली नाही.

"चल मावशी," ती म्हणाली. "इथं पण मामा लागतोय."

वाचकांना खैरनारांचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. अशा रागाची कक्षाने गंभीर दखल घेतली असून ज्यांना तो आला त्या सहृदय नागरिकांची पत्त्यांसह यादी टेम्पोवाल्याकडे दिली आहे. तिघे त्या यादीप्रमाणे निघाली आहेत. यादीत आपलेही नाव आहे. पण घाबरू नका. टेम्पो जुना आहे, आवाज लांबून येतो. तो आपल्या गल्लीत वळायच्या आधी पाटी उतरवून ठेवायला आपल्याला पुरेसा वेळ मिळेल.